ट्रेलरवरून बोट नेणं: डेट्रॉईटच्या आसपासची तळी, वजनाचं गणित, हब आणि रॅम्प

नोव्हायचा नाखवा

मेअखेरचा मेमोरियल डे जवळ आला की जुनी बोट घेण्याबद्दलचे प्रश्न सुरू होतात आणि सगळी चर्चा हॉर्सपॉवरवर जाऊन थांबते. पाण्यात काय होतं यावर भरपूर लिहिलं गेलंय. घरापासून पाण्यापर्यंतच्या तीस-चाळीस मैलांवर कोणी फारसं लिहीत नाही, म्हणून हा धागा फक्त ओढून नेण्यासाठी.

सुरुवात वजनापासून. माहितीपत्रकात छापलेलं वजन रिकाम्या बोटीचं असतं. १७ फुटी फायबरग्लास बोट धरा, इंजिनासकट २,२०० पौंड. पेट्रोल गॅलनला साधारण ६ पौंड, म्हणजे २५ गॅलनचे १५०. बॅटरी ५०. नांगर, दोर, लाइफ जॅकेटं, बर्फाने भरलेला कूलर, फुगवायची ट्यूब वगैरे मिळून २०० सहज. ट्रेलर स्वतः ७०० च्या आसपास. झाले ३,३०० पौंड. विकणारा "बावीसशेची आहे, कुठलीही एसयूव्ही ओढेल" म्हणतो तेव्हा वरचे अकराशे तो मोजतच नाही. खात्री करायची असेल तर हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर काटा असतो. थोडे डॉलर भरून गाडी आणि ट्रेलरचं वेगवेगळं वजन कागदावर मिळतं.

दुसरा आकडा टंग वेट, म्हणजे ट्रेलरचं पुढचं टोक (कपलर) गाडीमागच्या बॉलवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या लोखंडी गोळ्यावर, किती भार टाकतं तो. एकूण वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास ठेवा, आपल्या उदाहरणात ३३० पौंड. काही बोट ट्रेलरांच्या पुस्तिकेत याहून कमी चालेल असं लिहिलेलं असतं, पण ५ टक्क्यांच्या खाली गेलं की ५५-६० मैलांच्या वेगाला ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. फार जास्त झालं तर गाडीची मागची बाजू बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही सैल वाटतात.

मोजायला बाथरूममधला वजनकाटा पुरतो, पण कपलर थेट त्यावर टेकवू नका, काटा मोडेल. एक मजबूत लाकडी फळी घ्या. एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर, मधलं अंतर बरोबर ३ फूट. कपलरचा भार विटेपासून १ फुटावर आणि काट्यापासून २ फुटांवर फळीवर येऊ द्या. काट्यावरचा आकडा गुणिले ३ म्हणजे टंग वेट. फळीचं स्वतःचं वजन आधी पाहून वजा करा. जमीन सपाट हवी, चाकांना ठोकळे हवेत आणि कपलर बॉलवर असताना ज्या उंचीला असतो साधारण त्याच उंचीला हवा.

कमी भरलं तर जड सामान पुढे सरकवा. तेवढ्याने भागलं नाही तर विंचचा, म्हणजे बोट ओढायच्या चरखीचा, खांब पुढे घेऊन बोटच पुढे सरकवता येते. मात्र मग बोटीची मागची भिंत बंकच्या, म्हणजे ज्या गालिचा लावलेल्या फळ्यांवर बोट बसते त्यांच्या, टोकाच्या फार आत येऊ देऊ नका आणि टोकाबाहेरही लटकू देऊ नका. इंजिनाचं वजन त्या भिंतीवर असतं. तिला खालून आधार नसेल तर तळ हळूहळू वाकतो, आणि तो वाक पाण्यात गेल्यावर वेग कमी झाल्यावरच लक्षात येतो.

कॅन्टनकर

उपयुक्त धागा. आमच्याकडे रॅव्ह-४ हायब्रिड आहे, शेजारी हायलँडर. यातली कुठली गाडी ३,३०० पौंड ओढेल? आणि गाडीला आधीच हिच (ट्रेलर जोडायचा मागचा सांगाडा) बसवलेला असेल तर तो पुरेसा आहे हे कसं ओळखायचं?

नोव्हायचा नाखवा

२०१९ ते २०२५ च्या रॅव्ह-४ हायब्रिडची मर्यादा १,७५० पौंड आहे, पेट्रोल होंडा सीआर-व्हीची १,५००. यांच्यामागे १४ फुटी अॅल्युमिनियमची छोटी मोटरबोट किंवा कयाकचा ट्रेलर ठीक. पेट्रोल हायलँडर ५,००० पर्यंत, हायब्रिड हायलँडर ३,५०० पर्यंत. एकाच नावाच्या गाडीत इंजिन आणि ट्रिमप्रमाणे आकडा निम्म्यावर येतो, त्यामुळे शेजाऱ्याचं ऐकून ठरवू नका, आपल्या वर्षाच्या पुस्तिकेत पाहा.

ओढायच्या मर्यादेपेक्षा लवकर संपतो तो पेलोड. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळापांढरा स्टिकर असतो: माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर नको. टंग वेट याच आकड्यातून वजा होतं. पाच जणांचे साडेसातशे, टंगचे ३३०, मागच्या डिकीतलं १०० धरलं तर ११८० झाले. स्टिकरवर १,२०० असेल तर तुम्ही काठावर आहात.

हिचवरही स्टिकर असतो. क्लास १ म्हणजे सव्वा इंची चौकोनी तोंड, २,००० पौंड आणि टंग २००. क्लास २ म्हणजे ३,५०० आणि ३५०. क्लास ३ ला दोन इंची तोंड असतं. गाडी, हिच, बॉल माउंट, बॉल, कपलर यातला सगळ्यात छोटा आकडा तुमची खरी मर्यादा. हिच क्लास ३ चा बसवला म्हणून गाडीची ताकद वाढत नाही.

बॉलचा व्यास नीट पाहा. १ पूर्णांक ७/८ इंच आणि २ इंच हे दोन बॉल डोळ्यांना सारखेच दिसतात. २ इंची कपलर लहान बॉलवर बसतो, खटका लागतो, पिनही जाते, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात वर निघून येतो. माप बॉलच्या माथ्यावर आणि कपलरवर कोरलेलं असतं. खटका लावल्यावर पुढच्या जॅकने टोक वर उचलून बघा: गाडीची मागची बाजू त्याबरोबर उचलली गेली पाहिजे. नुसता कपलर वर आला तर बसलेला नाही.

दोन्ही साखळ्या कपलरच्या खालून एकमेकींना छेद देऊन लावायच्या, म्हणजे टोक निसटलं तरी रस्त्यावर आपटण्याऐवजी साखळ्यांच्या झोळीत पडतं. वळताना ताण येऊ नये इतकी सैल, पण रस्त्याला घासणार नाही इतकीच. ट्रेलरला ब्रेक असतील तर ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी तार) गाडीच्या हिचला स्वतंत्र लावा, साखळीत किंवा बॉल माउंटमध्ये अडकवू नका.

ग्रीसगन

हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं आणि ज्यात बेअरिंग असतात त्या भागावर, सविस्तर लिहितो, कारण आय-९६ हायवेच्या कडेला एका चाकावर झुकलेले जे बोट ट्रेलर दिसतात त्यातले बरेचसे बेअरिंगमुळे थांबलेले असतात.

कारण साधं आहे. तीस मैल चालून हब तापतो, आतली हवा पसरते. रॅम्पवर तो थेट थंड पाण्यात जातो, हवा आकसते आणि मागच्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ग्रीसमध्ये पाणी मिसळलं की ते दुधट, कॉफीच्या रंगाचं होतं, वंगण राहत नाही, आणि ट्रेलर आठवडाभर उभा राहिला की रोलरवर गंज धरतो. पुढच्या शनिवारी तोच गंज पॉलिश कागदासारखा काम करतो.

उपाय स्प्रिंगवाली ग्रीस कॅप, बेअरिंग बडी म्हणून मिळते ती. तिच्यातली चकती स्प्रिंगने आतल्या ग्रीसवर सतत थोडा दाब ठेवते, त्यामुळे पाणी शिरत नाही. ग्रीसगनने हळूहळू भरायचं आणि चकती साधारण १/८ इंच बाहेर आली की थांबायचं. बहुतेक जण जास्त भरतात. मग मागचं सील फाटतं, ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला उडतं, आणि पाण्याला कायमचा रस्ता मिळतो. रिमच्या आतून काळे ओघळ दिसले की सील गेलं समजा.

ही कॅप असली तरी वर्षातून एकदा हब उघडायचाच. बेअरिंग डिझेलात किंवा पार्ट्स क्लीनरमध्ये स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवा, रोलरवर निळसर डाग किंवा खड्डे आहेत का ते उजेडात फिरवून बघा. असतील तर बेअरिंग आणि त्याची हबमधली रेस (बेअरिंग ज्यात फिरतं ती कडी) दोन्ही बदला, एकटं बेअरिंग नको. हलक्या ट्रेलरच्या १ पूर्णांक १/१६ इंची स्पिंडलवर (हब ज्यावर बसतो त्या दांड्यावर) दोन्हीकडे एल४४६४९ बसतं. ३,५०० पौंडी अॅक्सलवर बहुधा आत एल६८१४९ आणि बाहेर एल४४६४९. तरीही जुन्या बेअरिंगवरचा कोरलेला नंबर वाचूनच मागवा. मागचं सील दर वेळी नवं.

नट घट्ट करायची पद्धत चुकली तर नवं बेअरिंगही जळतं. चाक हाताने फिरवत नट आवळा म्हणजे सगळं जागेवर बसेल, मग नट पूर्ण सैल करा, पुन्हा फक्त बोटांनी लागेल तेवढा फिरवा आणि जवळच्या खाचेत कॉटर पिन घाला. पिन दर वेळी नवी. चाक वर-खाली धरून हलवल्यावर अगदी किंचित हालचाल चालेल, खडखडाट नको.

ग्रीस मरीन लिहिलेलंच घ्या आणि दोन जातींचं मिसळू नका. लिथियम कॉम्प्लेक्स आणि पॉलियुरिया एकत्र आले की मऊ पडून वाहून जाऊ शकतात. आधी कुठलं भरलंय ते कळत नसेल तर सगळं पुसून काढा.

प्रवासात पहिल्या १०-१५ मैलांवर थांबून दोन्ही हबांना हात लावा. कोमट ठीक. हात ठेवता येत नसेल तर पुढे जाऊ नका. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर दोन्ही बाजूंची तुलना करा, एक बाजू दुसरीपेक्षा बरीच जास्त तापलेली असणं हीच खूण. आणि ग्रीस भरलेला, बेअरिंग-सील बसवलेला एक आख्खा हब डब्यात ठेवा. रस्त्याच्या कडेला बेअरिंग ठोकत बसण्यापेक्षा हब बदलणं अर्ध्या तासाचं काम आहे.

दीपस्तंभ

ग्रीसगन यांच्याशी सहमत, एक जोड. रॅम्पवर पोचल्याबरोबर पाण्यात उतरू नका. बाजूच्या तयारीच्या जागेत पंधरा-वीस मिनिटं सामान चढवण्यात जातातच, तेवढ्यात हब निवतो.

टायरबद्दल कोणी लिहिलं नाही. ट्रेलरला एसटी (खास ट्रेलरसाठीचे) टायर लागतात, गाडीचे नाही. वरच्या ३,३०० पौंडांतून ३३० बॉलवर गेले, उरलेले २,९७० दोन टायरांवर. एसटी१७५/८०आर१३ लोड रेंज सी टायर ५० पीएसआयला १,३६० पौंड पेलतो, दोन मिळून २,७२०. म्हणजे पुरत नाही! वापरलेल्या कित्येक ट्रेलरांवर नेमके हेच टायर असतात. १४ इंची एसटी२०५/७५आर१४ लोड सी १,७६० पेलतो, दोन मिळून ३,५२०, पण तो रिमसकट बदलावा लागतो आणि चाकावरच्या फेंडरखाली जागा आहे का ते आधी मोजावं लागतं.

हवा टायर थंड असताना, बाजूवर छापलेल्या कमाल आकड्याएवढी. कमी हवेचा ट्रेलर टायर आतून तापून फाटतो, गाडी चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. तारखेचे चार आकडे बघा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी पाच-सहा वर्षांनी बदला, कारण हे टायर झिजण्याआधी उन्हाने मरतात. वेगाचं अक्षर छापलेलं नसेल तर ६५ मैल ही कमाल समजा.

स्टेपनी असतेच, पण गाडीतला पाना ट्रेलरच्या नटाला बसतोच असं नाही, आणि गाडीचा जॅक फाटलेल्या टायरच्या अॅक्सलखाली जातोच असंही नाही. दोन्ही घरी, अंगणात करून बघा.

मृगजळ

दिव्यांचं सांगाल का? डावा इंडिकेटर लावला की दोन्ही दिवे मंद लुकलुकतात. बल्ब नवे आहेत.

ग्रीसगन

ही अर्थिंगची लक्षणं. चपट्या ४-पिन जोडात पांढरी वायर अर्थ, तपकिरी मागचे दिवे, पिवळी डावा इंडिकेटर-ब्रेक, हिरवी उजवा. पांढरी वायर ट्रेलरच्या चौकटीला जिथे स्क्रूने बसवलेली असते तिथे गंज असतो. मग करंट दुसऱ्या दिव्यातून किंवा बॉलमधून परतीचा रस्ता शोधतो आणि असे खेळ होतात. स्क्रू काढा, धातू चकचकीत होईपर्यंत घासा, नवीन रिंग टर्मिनल लावा, वर डायइलेक्ट्रिक ग्रीस. त्याहून चांगलं म्हणजे प्रत्येक दिव्यापर्यंत वेगळी पांढरी वायर ओढून घेणं, चौकटीवर भरवसा नको.

जुने बल्बवाले दिवे पाण्यात जाण्याआधी प्लग काढायचाच. तापलेला बल्ब थंड पाण्यात तडकतो. सीलबंद एलईडीला ती भीती नाही.

दीपस्तंभ

इथे एक अपवाद. ट्रेलरला डिस्क सर्ज ब्रेक (ट्रेलर गाडीवर ढकलला गेला की आपोआप लागणारे) आणि ५-पिन जोड असेल तर पाचवी निळी वायर रिव्हर्स दिव्याची असते. ती सोलेनॉइडला (विजेवर चालणाऱ्या झडपेला) वीज देऊन मागे घेताना ब्रेक लागू देत नाही. प्लग लवकर काढलात तर चढावर किंवा खडीत मागे घेताना ट्रेलर जागीच ब्रेक धरतो. अशा वेळी प्लग पाण्याच्या काठापर्यंत राहू द्या.

नोव्हायचा नाखवा

बरोबर. आता रॅम्प.

तयारीची जागा आणि रॅम्प या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रॅम्पवर फक्त बोट सोडायची. बाकी सगळं आधी बाजूला करायचं: मागचे दोन पट्टे काढा, सामान चढवा, नाळेला (बोटीच्या पुढच्या टोकाला) आणि पिछाडीला दोर बांधा, बोटीच्या कडेला फेंडर (धक्क्याला घासू नये म्हणून लावायचे फुगे) लटकवा, इंजिन वर उचला, ट्रान्सम सेव्हर (प्रवासात इंजिनाला आधार देणारा दांडा) काढा, बॅटरीचा स्विच चालू करा, आणि पाणी सोडायच्या भोकाचं बूच लावा. बूच विसरणं ही रॅम्पवरची सर्वात जुनी चूक आहे. बुचाची किल्ली गाडीच्या किल्लीच्या जुडग्यात अडकवून ठेवली तर विसरत नाही. विंचचा पट्टा आणि नाळेची साखळी मात्र पाण्याच्या काठापर्यंत काढू नका. रोलरवाल्या ट्रेलरवरून बोट उतारावर काँक्रीटवरच सरकून येते.

रिव्हर्स घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवा. ट्रेलर ज्या बाजूला जायला हवा त्या बाजूला हात न्या. लहान ट्रेलर फार पटकन वळतो, म्हणून स्टिअरिंग थोडं आणि वेग अगदी मंद. कोन बिघडला तर दुरुस्त करत बसू नका, पुढे घेऊन सरळ करा. रविवारी सकाळी रिकाम्या शाळेच्या पार्किंगमध्ये दोन प्लास्टिकचे शंकू ठेवून सराव करा.

रॅम्पवर खाली फक्त चालक, बाकी सगळे बाहेर. काचा उघड्या, बेल्ट सोडलेला. पाण्याखालच्या काँक्रीटवर शेवाळ असतं, त्यामुळे गाडीची मागची चाकं शक्यतो कोरड्यावर ठेवा. थांबल्यावर पार्क, हँडब्रेक, आणि चाकामागे ठोकळा. पेट्रोल इनबोर्ड किंवा स्टर्नड्राइव्ह (इंजिन बोटीच्या आत) असेल तर सुरू करण्याआधी ब्लोअर (आत साठलेली पेट्रोलची वाफ बाहेर काढणारा पंखा) चार मिनिटं चालवा. इंजिनाचं पाणी ओढायचं तोंड पाण्याखाली गेल्यावर, बोट अजून विंचला बांधलेली असताना, इंजिन सुरू करून बघा. सुरू झालं नाही तर तिथूनच परत ओढता येते.

परत घेताना बहुतेक जण ट्रेलर फार खोल बुडवतात. मग बोट बंकवर न बसता वर तरंगते, वाऱ्याने तिरकी होते, आणि बाहेर काढल्यावर एका बाजूला बसलेली दिसते. आधी ट्रेलर पूर्ण बुडवून बंक ओले करा, मग पुढे घ्या, चाकावरच्या फेंडरचा माथा पाण्याच्या एखाद-दोन इंच वर दिसेपर्यंत. शेवटचे दोन-तीन फूट विंचने ओढा आणि ओढताना पट्ट्याच्या रेषेत उभे राहू नका.

इंजिनाच्या जोराने बोट ट्रेलरवर चढवणं टाळा. प्रॉपेलरचा झोत रॅम्पच्या टोकाशी खड्डा पाडतो आणि ढिगारा मागे साचतो. पुढच्या माणसाचं ट्रेलरचं चाक त्या खड्ड्यात उतरलं की अॅक्सल वाकतो.

सपाटीवर आल्यावर नाळ आणि पुढचा रबर ठोकळा यांत एक-दोन इंच फट पडलेली दिसेल. उतारावर बसलेली बोट सपाटीवर थोडी मागे सरकते. मागचे पट्टे बांधण्याआधी विंच पुन्हा आवळा, मग पट्टे. पट्ट्याला एक पीळ दिला तर हायवेवर गुणगुणत नाही.

कॅन्टनकर

भारतातून आई-बाबा येणार आहेत, त्यांना घेऊन जायला कुठलं तळं सोयीचं?

सांतक्लेअर

केन्सिंग्टन मेट्रोपार्कचं केंट लेक. तिथे वेगमर्यादा १० मैल आहे, त्यामुळे लाटा नाहीत, धक्के नाहीत. ज्येष्ठांना रॅम्पवरून चढवू नका, शेवाळावर पाय घसरतो. बोट सोडून शेजारच्या धक्क्याला दोन्ही दोरांनी बांधा, मग त्यांना बसलेल्या अवस्थेत आत घ्या. वजन मोजताना त्यांचंही धरा, बोटीच्या पाटीवर माणसं आणि पौंड दोन्ही लिहिलेलं असतं.

वेग आणि खोल पाणी हवं असेल तर कॅस लेक. ओकलंड काउंटीतलं सगळ्यात मोठं तळं, डॉज नंबर ४ स्टेट पार्कमधून उतरता येतं. सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर जा, पार्किंग भरतं.

लेक सेंट क्लेअर वेगळं प्रकरण आहे. सुमारे ४३० चौरस मैल पाणी आणि सरासरी खोली फक्त ११ फुटांच्या आसपास. उथळ असल्यामुळे वारा सुटला की आखूड, उभ्या लाटा फार लवकर उठतात. १७ फुटी बोटीला त्या तीन फुटी लाटा समुद्रातल्या लांब लाटांपेक्षा जास्त त्रासाच्या. निघण्याआधी राष्ट्रीय हवामान सेवेचा मरीन अंदाज वाचा, स्मॉल क्राफ्ट अॅडव्हायझरी (छोट्या बोटींसाठी धोक्याची सूचना) असेल तर त्या दिवशी केंट लेकला जा. मोठी मालवाहू जहाजं खोदलेल्या मार्गाने जातात, तो मार्ग काटकोनात आणि झटपट ओलांडा. सीमा तळ्याच्या मधून जाते, पलीकडे मासे धरायचे तर ओंटारिओचा परवाना लागतो.

स्टेटच्या रॅम्पला गाडीवर रिक्रिएशन पासपोर्ट (स्टेटचा पास) हवा, मेट्रोपार्कचा पास वेगळा. एक असला तर दुसरा चालत नाही. १ जुलै १९९६ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला ६ हॉर्सपॉवरच्या वरची बोट चालवायला बोटिंग सेफ्टीचं प्रमाणपत्र जवळ ठेवावं लागतं, हे घरातल्या मुलांसाठी लक्षात ठेवा. सहा वर्षांखालच्या मुलाने उघड्या डेकवर लाइफ जॅकेट घातलेलंच हवं, नुसतं बोटीत असून चालत नाही. १६ फूट किंवा त्याहून लांब बोटीत फेकायची उशी किंवा रिंगही हवी.

आणि परतीचं सगळ्यात महत्त्वाचं. २१ मार्च २०१९ पासून मिशिगनमध्ये रस्त्यावर ट्रेलर नेताना सगळी बुचं काढलेली आणि बोटीतलं पाणी सोडलेलं असणं कायद्याने सक्तीचं आहे. लाइव्हवेल (मासे जिवंत ठेवायची टाकी), बिल्ज (तळाशी पाणी साचतं ती जागा), सगळं. इंजिन एकदा पूर्ण खाली करून त्यातलं पाणी गळू द्या, मग वर घ्या. ट्रेलरच्या बंकखाली, अॅक्सलवर, रोलरच्या फटीत अडकलेलं शेवाळ आणि काड्या हाताने काढा. झेब्रा मसल (परक्या देशातून आलेले, झपाट्याने पसरणारे छोटे शिंपले) १९८८ मध्ये याच सेंट क्लेअरमध्ये पहिल्यांदा सापडले आणि तिथून आतल्या तळ्यांत पसरायला ट्रेलरवरच्या बोटी मोठं कारण ठरल्या. त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, चमचाभर पाण्यातही जगतात. शनिवारी सेंट क्लेअर आणि रविवारी कॅस असा बेत असेल तर मध्ये बोट १४० अंश फॅरनहाइटच्या गरम पाण्याने धुवा, नाहीतर बेत बदला. एरवी निदान पाच दिवस कोरडी राहू द्या.

मृगजळ

अर्थिंगच होतं, पांढऱ्या वायरचा स्क्रू हातात तुटून आला. धन्यवाद. हायवेवर ट्रेलर डुलायला लागला तर काय करायचं तेही सांगा.

दीपस्तंभ

अॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवा आणि वेग आपोआप उतरू द्या. गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका, डुलण्याच्या उलट स्टिअरिंग फिरवू नका, वेग वाढवून सरळ करायला जाऊ नका. ४५ च्या आसपास थांबलं की पुढच्या एक्झिटला उतरून टंग वेट बघा. कूलर आणि नांगर मागच्या बाजूला ठेवलेला सापडण्याची शक्यता मोठी. ट्रक शेजारून गेल्यावर हलका धक्का बसतो तो वेगळा, एकदाच हलून थांबला तर काळजी नको.

ग्रीसगन

सप्टेंबरच्या सुरुवातीच्या लेबर डे नंतरचं, म्हणजे हंगाम संपल्यावरचं, थोडक्यात. शेवटच्या फेरीनंतर हब उघडून ग्रीस बदला, वसंतावर ढकलू नका. पाणी शिरलेला हब हिवाळाभर तसाच राहिला तर एप्रिलमध्ये रेसवर गंजाच्या रेषा मिळतात. बोटीचं बूच काढून ठेवा आणि नाळ थोडी वर राहील असा जॅक लावा, म्हणजे कव्हरखाली शिरलेलं पाणी गोठण्याआधी निघून जाईल. अॅक्सलजवळ चौकटीखाली स्टँड लावून टायरवरचा भार कमी करा, टायरवर झाकण घाला. मीठ टाकलेल्या रस्त्यावरून ट्रेलर नेलाच तर गॅल्व्हनाइज्ड असला तरी धुवा, ब्रेकच्या नळ्या आणि यू-बोल्ट तिथूनच सडतात. यू-बोल्टचे नट एप्रिलमध्ये टॉर्क पान्याने पुन्हा तपासा.